औषध कुणाला सोडून देतं?



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर बोललं गेलं, बसवेश्वरांच्या वचनांवर बोललं गेलं, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोललं गेलं. यंदा मी विषय कळवला, 'त्वचेवरची बुरशी आणि तिच्यावरची रसायनं'. संयोजकांनी जरा अडखळत विचारलं, "सर, पत्रिकेत सरळ गजकर्ण छापायचं का?" मी म्हटलं, जरूर छापा. आपल्या बिदरच्या भागात ज्या घरात कुणालाच कधी गजकर्ण झालं नाही, असं घर शोधून काढावं लागेल. नाही, हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका! पण जो आजार घराघरांत आहे आणि ज्याचं नाव पत्रिकेत छापायला संकोच वाटतो, त्यावर एकदा जाहीरपणे बोललंच पाहिजे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांना हा विषय पसंत पडला असता, असं मी धरून चालतो.

मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. बुरशीला मारणं अवघड का, ही पहिली. बुरशीनाशक औषधं मातीतून कशी निघाली आणि त्यात आपल्या पिंपरीचा वाटा काय, ही दुसरी. प्रयोगशाळेत वापरलं जाणारं एक विचित्र बुरशीनाशक, ही तिसरी. आणि आपण सगळे मिळून या औषधांचं काय करून बसलो आहोत, ही चौथी. या चारही गोष्टींना जोडणारा प्रश्न एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. औषध कुणाला मारतं, हे सगळेच विचारतात. औषध कुणाला सोडून देतं, हे विचारायला शिकलं पाहिजे.

बिदरच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागू नये. बिदरी काम करणारा कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं ओततो, त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवतो. शेवटी किल्ल्यातली ऊनपाऊस न लागलेली जुनी माती आणि नवसागर पाण्यात घेऊन ते भांडं त्या द्रावणात बुडवतो. काय होतं? जस्ताचा भाग काळाभोर होतो आणि चांदी जशीच्या तशी लखलखत राहते. त्या द्रावणाचं सगळं मोल कशात आहे? काळं करण्यात आहेच, पण त्याहून जास्त चांदीला सोडून देण्यात आहे. चांदीही काळी पडली असती तर बिदरी जगात कुणी ओळखली असती का? उत्तम औषधाचं लक्षण हेच. रोग्याच्या अंगावर आलेल्या परक्या जीवाला धरायचं आणि रोग्याला सोडायचं.

आता पहिला मुद्दा. बुरशीच्या बाबतीत हे इतकं अवघड का?

जिवाणूंचं एक बरं असतं. ते आपल्यापासून फार लांबचे. त्यांच्या पेशीला जी भिंत असते ती आपल्या पेशीला नसतेच. पेनिसिलिन त्या भिंतीच्या बांधकामात अडथळा आणतं. आपल्याकडे ती भिंतच नाही, म्हणून आपण सुटतो. बुरशीचं तसं नाही. आपण लहानपणापासून बुरशीला झाडपाल्यात टाकत आलो, पण उत्क्रांतीच्या वंशावळीत बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, प्रथिनं बनवणारी यंत्रणाही बरीचशी आपल्यासारखी. म्हणजे शत्रू भाऊबंदकीतला! आणि भाऊबंदकीत वार करणं किती जोखमीचं, हे सीमाभागातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

त्यातही गजकर्णाची बुरशी मोठी धूर्त जागा निवडते. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात केराटिन नावाचं चिवट प्रथिन असतं. केस केराटिनचे, नखं केराटिनची. ही बुरशी केराटिन पचवून जगते. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम, एपिडर्मोफायटॉन अशी तिची तीन मोठी घराणी. मेलेल्या थरात रक्त पोहोचत नाही, त्यामुळे शरीराचे पहारेकरी तिथवर नीट पोहोचत नाहीत. बुरशी मधून सुरू होते आणि बाहेरच्या बाजूला सरकत जाते; मागे राहिलेला मधला भाग थोडा निवळतो, कडा मात्र लाल, उंचावलेली, खाजरी. म्हणून तो गोल चट्टा.

यावर जुन्या काळी काय उपाय होता? आपल्याकडे टाकळ्याचा पाला होता, गंधक होतं. आणि एक होती गोवा पावडर. हिची कथा ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचं झाड असतं, त्याच्या खोडातल्या पोकळीत पिवळी भुकटी साठते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यात आली, गोव्यातून मुंबईत, आणि एकोणिसाव्या शतकात गजकर्णावरचा जालीम उपाय म्हणून विकली जाऊ लागली. झाड ब्राझीलचं, नाव गोव्याचं, खाज मुंबईकरांची! लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८७० च्या दशकात तिचा उपयोग सोरायसिसवर करून पाहिला, आणि तिच्यातल्या रसायनावरून पुढे १९१६ मध्ये डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झालं. गुण यायचा, खोटं नाही. पण भोवतालची चांगली कातडीही भाजायची, डोळ्यांत गेली तर डोळे सुजायचे, कपड्यांवर डाग पडायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिटफिल्डचं मलम आलं. बेंझोइक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल, सहाला तीन असं प्रमाण. ते वरचा थर सोलून काढतं, थराबरोबर बुरशी जाते. हे सगळे उपाय धरायला पक्के होते. सोडून द्यायला मात्र कच्चे होते.

दुसरा मुद्दा मातीचा.

मातीत बुरशा असतात, जिवाणू असतात आणि स्ट्रेप्टोमायसिस कुळातले तंतूसारखे वाढणारे जिवाणूही असतात. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेड लावतो, तो या कुळाच्या रसायनाचा. मातीत जागा थोडी, अन्न थोडं आणि खाणारी तोंडं अगणित. त्या मारामारीत हे जिवाणू बुरशीविरुद्ध रसायनं सोडतात. माणसानं ती उचलली.

१९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातल्या दोन बायकांनी, एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी, निस्टॅटिन शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. एकीनं मातीतले जीव वाढवायचे, काचेच्या बरणीतून टपालानं दुसरीकडे पाठवायचे, दुसरीनं त्यातलं रसायन वेगळं काढून पुन्हा टपालानं परत पाठवायचं. कामी आलेली माती व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतावरची होती. आणि स्वामित्वधनातून आलेले एक कोटीहून अधिक डॉलर त्या दोघींनी स्वतःसाठी न घेता संशोधनाला देऊन टाकले. मुलींनो, मागच्या रांगेत बसलेल्या मुलींनो, ही दोन नावं लिहून घ्या.

आता आपल्याकडे या. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरीकर त्याला आजही 'एचए' म्हणतात. कारखाना पेनिसिलिनचा, पण तिथं संशोधन विभागही होता आणि त्याची धुरा होती डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे. माणूस मूळचा म्हैसूरकडचा, विद्येनं बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरच्या तांबेरा आणि काणी या बुरशींचा जाणकार. म्हणजे १९५६ मध्ये बिदर आणि गुलबर्गा जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, त्याच दशकात म्हैसूरचा एक विद्वान मराठी मुलुखात येऊन मातीच्या पुड्या सोडवत बसला होता. राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यायला हरकत नव्हती.

तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय शोधलं? १९६१ च्या सुमारास हॅमायसिन. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव जिवाणूशास्त्रात गेलं! हॅमायसिन कँडिडाच्या संसर्गावर, तोंडातल्या पांढऱ्या थरावर वापरलं गेलं. त्यानंतर ऑरिओफंजिन, हे पिकांसाठी. आणि त्याच काळात डर्मोस्टॅटिन. आजच्या विषयाच्या दृष्टीनं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याचा रोख थेट त्वचेवरच्या बुरशींवर होता. स्ट्रेप्टोमायसिस व्हिरिडोग्रिसियस या जिवाणूपासून ते मिळालं. पिंपरीतल्याच संशोधकांनी दुसऱ्या बाजूनं मातीत केराटिन खाणाऱ्या बुरशाही शोधल्या; मुंबईच्या समुद्रकाठच्या मातीतल्या अशा बुरशांवरचं त्यांचं काम १९६७ मध्ये 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये छापून आलं. त्या कामातले एक संशोधक अरविंद पाध्ये पुढे अमेरिकेत अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात गेले आणि बुरशीशास्त्रातलं मोठं नाव झाले.

हे डर्मोस्टॅटिन काम कसं करतं? निस्टॅटिन, हॅमायसिन, डर्मोस्टॅटिन ही सगळी पॉलिईन कुळातली. मोठा वर्तुळाकार रेणू, त्याच्या एका बाजूला एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल. दोन्ही रेणू दिसायला जुळ्या भावांसारखे, पण थोडा फरक. पॉलिईन त्या थोड्या फरकावर नेम धरतं, एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि बुरशीचा पडदा निकामी होतो. नेम शंभर टक्के बसतो का? नाही. थोडा मार कोलेस्टेरॉललाही बसतो. २०२१ चा मे महिना आठवा. करोनानंतर काळ्या बुरशीनं माणसं गाठली, आणि अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक कलबुर्गी, सोलापूर, हैदराबादला वणवण फिरत होते. ते अँफोटेरिसिनही याच कुळातलं. जीव वाचवतं, पण मूत्रपिंडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. सोडून देण्यातली ती उणीव.

मग डर्मोस्टॅटिनचं नाव औषधाच्या दुकानात का ऐकू येत नाही? पॉलिईन रेणू उजेडात टिकत नाहीत, पाण्यात नीट विरघळत नाहीत, पोटातून घेतले तर रक्तात फारसे उतरत नाहीत. आणि तोवर एक तुल्यबळ स्पर्धक आला होता. ग्रिसिओफुल्विन. ते १९३९ मध्ये लंडनमध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळं काढलेलं होतं. पुढे जवळजवळ वीस वर्षं त्याच्याकडे वनस्पतिरोगांचं रसायन म्हणूनच पाहिलं गेलं. १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगना ते तोंडावाटे दिलं आणि कातडीवरचं गजकर्ण बरं झालेलं दाखवलं. गोळी गिळायची आणि बुरशी कातडीवरची मरायची, ही क्रांतीच होती. ग्रिसिओफुल्विन नव्यानं तयार होणाऱ्या केराटिनमध्ये जाऊन बसतं. नवं नख, नवा केस औषध घेऊनच उगवतो. जुना थर मात्र आपल्या गतीनं झडेपर्यंत थांबावं लागतं. डोक्यावरच्या गजकर्णाला आठवडे, नखाला महिने. हे थांबणं लक्षात ठेवा, चौथ्या मुद्द्यात लागणार आहे.

डर्मोस्टॅटिन विस्मरणात गेलं असं मात्र नाही. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की रसायनशास्त्रज्ञांना तिनं दशकानुदशकं कामाला लावलं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिन्झ आणि रिचनोव्स्की यांनी डर्मोस्टॅटिन-ए हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवला. पिंपरीच्या मुशीतला रेणू चाळीस वर्षांनी अमेरिकेत कृत्रिमरीत्या उभा राहिला. आणि पिंपरीचा कारखाना? तो १९९० च्या दशकातच आजारी उद्योगांच्या यादीत गेला. यावर मी अधिक बोलत नाही, बोललो तर वेळ पुरणार नाही.

तिसरा मुद्दा. इथं थोडं लक्ष द्या, गंमत आहे.

तुमच्या मांडीवरचा चट्टा गजकर्णच आहे की आणखी काही, हे पक्कं कसं करायचं? प्रयोगशाळेत कडेची खरवड काढतात. कड महत्त्वाची, कारण जिवंत बुरशी कडेलाच असते. ती खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा ते वीस टक्के द्रावणात ठेवली की केराटिन विरघळतं, बुरशीचे तंतू तसेच राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. काही मिनिटांचं काम, खर्च किरकोळ.

पण बुरशी कोणती, हे ओळखायला ती वाढवावी लागते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबुरो यांच्या नावाचं माध्यम आहे, पेप्टोन, साखर आणि अगार. ते बशीत ओतून त्यात खरवड पेरायची आणि पंचवीस ते तीस अंशांत चार आठवड्यांपर्यंत वाट पाहायची. अडचण काय? कातडीवर, हवेत, धुळीत ढिगानं दुसऱ्या बुरशा. भाकरीवर येणारी, लोणच्यावर येणारी, भिंतीवर येणारी. त्या दोन दिवसांत सगळी बशी व्यापतात. गजकर्णाची बुरशी संथ. तिची पाळी येईपर्यंत बशीत जागाच उरत नाही.

यावर तोडगा काय काढला असेल? बशीत बुरशीनाशक घातलं! बुरशी वाढवण्यासाठी बुरशीनाशक. त्याचं नाव सायक्लोहेक्सिमाइड. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीत स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून ते मिळालं. हाच जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनचाही. सायक्लोहेक्सिमाइड केंद्रकयुक्त पेशींमधलं प्रथिननिर्मितीचं काम थांबवतं. आता आपल्या प्रश्नाची कसोटी लावा. ते कुणाला सोडतं? जिवाणूंना सोडतं, कारण त्यांची यंत्रणा निराळी. माणसाला सोडत नाही, उंदराला सोडत नाही. उंदराला तर अगदी अल्प प्रमाणातही घातक. म्हणून औषध म्हणून ते बाद. पण भाकरीवरच्या, धुळीतल्या बहुतेक बुरशांना ते रोखतं आणि गजकर्णाच्या बुरशीला सोडतं! औषध म्हणून जो दोष, तोच प्रयोगशाळेत गुण ठरला. एक लिटर माध्यमात अर्धा ग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड, जिवाणूंसाठी थोडं क्लोरॅम्फेनिकॉल, आणि बशीत फक्त आपल्याला हवी ती बुरशी. शहाणे तंत्रज्ञ एक नळी या औषधाची आणि एक नळी औषधाविना अशा दोन्ही लावतात, कारण रोग करणाऱ्या काही दुसऱ्या बुरशाही सायक्लोहेक्सिमाइडनं दबतात आणि नजरेतून निसटतात.

या बशीकडे नीट पाहा. आपण तिच्यात काय केलं? एक रसायन घातलं. ज्यांना ते रोखू शकत होतं, ते थांबले. ज्याला ते सोडतं, त्याला सगळी जागा, सगळं अन्न मिळालं आणि तो बशीभर पसरला. बुरशीला आपण काही शिकवलं नाही, तिला बळ दिलं नाही. फक्त तिच्या वाटेतली गर्दी हटवली.

आता चौथा मुद्दा, आणि तो बिदर-कलबुर्गीचा आहे, लातूर-धाराशिव-सोलापूरचा आहे, सगळ्या देशाचा आहे. ही बशी आपण समाजात मांडून बसलो आहोत.

आपला भाग कसा आहे? उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं. तुरीच्या राशीवर, ऊसतोडीत, वीटभट्टीवर माणूस दिवसभर घामानं भिजलेला. वसतिगृहात चार मुलांत एक टॉवेल. घट्ट जीन्स घालून दुचाकीवर बसलेला तरुण. साडीची गाठ आणि परकराची नाडी जिथं आवळली जाते, तिथं ओला पट्टा, आणि तिथंच बाईला खाज. लाजेनं ती सांगत नाही, घरातल्या सगळ्यांना झाल्यावर कळतं. मग मेडिकलमध्ये जाऊन काय मागतात? "खाजेचं मलम द्या." दुकानदार एक ट्यूब देतो. तिच्यात काय असतं? बऱ्याचदा बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि जहाल स्टेरॉइड, तिन्ही एकत्र.

स्टेरॉइड कुणाला धरतं आणि कुणाला सोडतं? स्टेरॉइड आपल्याच शरीराच्या प्रतिकाराला धरतं. लाली, सूज, खाज ही सगळी प्रतिकाराची लक्षणं. ती दोन दिवसांत विझतात. बुरशीला मात्र ते सोडतं. माणूस म्हणतो, वा, काय गुण आला! ट्यूब ठेवून देतो. आठ-पंधरा दिवसांनी चट्टा पुन्हा येतो, आधीपेक्षा मोठा, कधी वर्तुळात वर्तुळ, कधी इतका विस्कटलेला की डॉक्टरलाही गजकर्ण म्हणून ओळखू येऊ नये. पुन्हा तीच ट्यूब. जांघेत कातडी पातळ होते, फाटल्यासारखे पांढरे चरे पडतात, आणि ते आयुष्यभर जात नाहीत.

सरकारनं काहीच केलं नाही, असं नाही. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत घातली गेली. त्याच वर्षी औषधांच्या ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी आली, त्यांत स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमंही होती. पण कायदा दिल्लीत होतो आणि ट्यूब बसस्टँडसमोर विकली जाते.

याच काळात दुसरी गोष्ट घडली. टर्बिनाफिन हे औषध व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतून आलेलं, गजकर्णावरचं हुकमी. एर्गोस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचं स्क्वालीन एपॉक्सिडेज हे विकर ते अडवतं. त्यामुळे बुरशीला एर्गोस्टेरॉल मिळत नाही आणि पेशीत स्क्वालीन साचून ती मरते. माणसाच्या त्याच विकरावर औषधाचा परिणाम अगदी कमी, म्हणून सोडून देण्यात ते उत्तम. पण आपल्या देशात गेल्या दहा-पंधरा वर्षांत गजकर्णाची बुरशीच बदलली. पूर्वी बहुतांश ट्रायकोफायटॉन रुब्रम सापडायची, तिची जागा मेंटाग्रोफायटिस गटातल्या एका प्रकारानं घेतली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं वर्णन स्वतंत्र जाती म्हणून केलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्या पुष्कळ वाणांत त्या विकरातला एक घटक बदललेला असतो. ३९७ व्या जागी फिनाइलॲलानिनऐवजी ल्युसीन. साखळीतला एक मणी बदलला आणि टर्बिनाफिनची पकड सुटली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे रुग्ण नोंदवले गेले, त्यांतली एक महिला तर आजारापूर्वीच्या काळात परदेशात गेलेलीच नव्हती. आपली खाज आता सातासमुद्रापलीकडे पोचली आहे.

कसं झालं हे? बशी आठवा. अर्धवट दिवस घेतलेली गोळी, कमी दिवस लावलेलं मलम, वरून स्टेरॉइडनं झोपवलेला प्रतिकार. औषधानं ज्या बुरशा मरणार होत्या, त्या मेल्या. ज्यांच्यावर पकड नव्हती, त्यांना सगळी कातडी, सगळं घर, सगळं वसतिगृह मोकळं मिळालं. प्रयोगशाळेत आपण हे मुद्दाम, एका बशीत, झाकण लावून करतो. गावात ते न कळत, उघड्यावर, कोट्यवधी माणसांच्या अंगावर करतो. फरक इतकाच.

आणि ही गोष्ट माणसांपुरती नाही. देवणी वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर जे पांढरे खपलीचे चट्टे येतात, ते बऱ्याचदा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसमचे. वासरू कुरवाळणाऱ्या पोराच्या हातावर तेच उमटतं. बिदरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, इथं आणि कलबुर्गीत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गुलबर्गा विद्यापीठ आहे. एकाच गोठ्यातली खरवड आणि एकाच घरातली खरवड शेजारी ठेवून पाहणारी यंत्रणा उभी करायला आपल्याला दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही. पिंपरीत मातीच्या पुड्यांपासून सुरुवात झाली होती. इथली काळी माती, तांबडी जांभा माती, मांजरा-कारंजाच्या काठची माती. निर्जंतुक केसांचे तुकडे मातीवर टाकून केराटिन खाणाऱ्या बुरशा पकडण्याची पद्धत पदवीच्या विद्यार्थ्यालाही जमते. या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझं सांगणं आहे, मुलांना करू द्या.

आता आवरतं घेतो. सारांश चार वाक्यांत. बुरशी आपल्या नात्यातली, म्हणून तिला मारून आपल्याला वाचवणारं रसायन दुर्मीळ. अशी रसायनं माणसानं मातीतून मोठ्या कष्टानं मिळवली, आणि त्यात पिंपरीच्या मंडळींचं, डर्मोस्टॅटिनचं स्थान मानाचं. सायक्लोहेक्सिमाइडची बशी दाखवते की रसायन ज्याला सोडतं तोच पसरतो. आणि आपण अर्धवट उपचारांनी त्या रसायनांना हुलकावणी देणारी बुरशी स्वतःच पसरवत आहोत.

मग उद्या सकाळी काय करायचं? एक, घरातली ती तीन-चार घटकांची ट्यूब काढा, मागचं लेबल वाचा. त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर गजकर्णावर ती लावू नका. दोन, चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटं धरून औषध लावा, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. तीन, घरात ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. चार, टॉवेल, अंतर्वस्त्रं आपापली; गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. ऊन तर आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. पाच, औषधानं गुण येत नसेल तर ट्यूब बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, "साहेब, खरवड तपासा." आणि मेडिकल दुकानदार बंधूंना एकच विनंती, जे मलम तुम्ही स्वतःच्या मुलाच्या मांडीला लावणार नाही, ते गिऱ्हाइकाला देऊ नका.